नावापुढचं चित्र

भांड्यावर नाव घालायला दिलं की नाव घालून परत देणारे दुकानदार गावोगाव आहेत. आमच्या जुन्नरच्या पेठेतल्या शेठकडे मात्र नाव घालायला दिलं की नाव मिळायचं आणि वर एक खेकडा मिळायचा. किंवा हातपंप. किंवा मिशीला दूध लागलेला बिबट्या. तुम्ही काही तो मागितलेला नसायचा, त्यामुळं भांडायला जागा होती, पण भांडून उपयोग नव्हता. स्टीलवर टिंब एकदा उठलं की उठलं. "राहू द्या की ओ," शेठ म्हणायचे, "नावाला तेवढीच सोबत."

माझं शिवणकामाचं दुकान त्यांच्या भांड्यांच्या दुकानाला लागून. ब्लाउज, परकर, फॉल-पिको. मधली भिंत इतकी पातळ की त्यांच्या मशीनची टर्रर्र माझ्या शिलाई मशीनच्या आवाजातही ऐकू यायची. नाव घालायचं मशीन म्हणजे काही मोठं प्रकरण नाही. जाड पेनासारखं हातात धरायचं, वायर लावायची, टोकाची सुई थरथरत स्टीलवर टिंबं उठवत जाते. इतकी वर्षं ऐकून मला नुसत्या आवाजावरून कळायचं, आत आता नाव चाललंय की चित्र. नावाला आवाज सरळ धावायचा. चित्राला मधेच थांबायचा, बराच वेळ काहीच नाही, मग हळूच एक टर्र. असं झालं की मी गिऱ्हाइकाला सांगायचे, "जा बाई, बघ जाऊन, तुझ्या पातेल्यावर काहीतरी बसतंय."

मी हे सगळं आता हसत सांगते, पण माझ्या घराची अब्रू, आणि अब्रूचं जाऊ द्या, माझ्या पोरीचा जीव एकदा त्या मशीनच्या सुईवर येऊन टेकला होता. अश्विनीच्या लग्नाची भांडी नावं घालून तयार होती आणि लग्न मोडलं. भांड्यांवर दुसऱ्यांचं आडनाव, आणि पोरगी कोपऱ्यात तोंड फिरवून बसलेली. ते सांगायचंच आहे. पण शेठ कसा माणूस होता हे कळल्याशिवाय ते कळायचं नाही.

माणूस जैन, मूळचे राजस्थानातले. पण घरात मारवाडी फक्त म्हाताऱ्या बायकांशी आणि राग आल्यावर, बाकी सगळं बोलणं आमच्यासारखंच, ‘व्हतं’ आणि ‘न्हाई’. काटकुळे, पांढरा पायजमा, ढगळ शर्ट. त्या शर्टाला मी दोन खिसे शिवायचे, एक चष्म्याला आणि एक रस्त्यात सापडणाऱ्या वस्तूंना. दुसरा खिसा कायम उसवलेला. काय काय निघायचं त्यातून! जुन्या रेडिओचं बटण, काडेपेटीचं वाघाचं चित्र, बाटलीची झाकणं, कुणाच्या तरी पाटाची पितळी फुली. मी म्हणायचे, "शेठ, तुमचा खिसा शिवायला मला आता पोत्याची सुई लागेल." ते म्हणायचे, "मग पोत्याचंच कापड लाव ना ताई."

रस्त्यानं चालताना हा माणूस मधेच उभा राहायचा. मागून येणारा सायकलवाला, म्हशी, कुणाचं काही नाही. हात वर करून "थांब, बघू दे," आणि मग वरच्या माळ्यावरची एखादी खिडकी, नाहीतर ट्रॉलीच्या फाळक्यावरचं कमळ. एसटी स्टँडसमोर पंक्चरवाल्याची पत्र्याची पाटी होती, तिच्यावर कुणीतरी टायर काढला होता आणि त्या टायरला डोळे, डोळ्यांना लांब पापण्या. त्या पाटीसमोर मी त्यांना हात जोडून उभं राहिलेलं पाहिलंय. पुढचा प्रश्न ठरलेला, "कुणाच्या हातचं असंल ओ हे?" आणि ते कुणालाच माहीत नसायचं. पंक्चरवाला म्हणाला, "शेठ, मी दुकान घेतलं तवा ती पाटी हितंच व्हती." तर हे हळहळले, जवळचं कुणीतरी गेल्यासारखे.

एका डॉक्टरांच्या जुन्या दवाखान्यात रंगीत चिपांची फरशी होती. काळी, पांढरी, तांबडी, आणि बरोबर मधे कमळ. शेठ काही दुखतखुपत नसताना नंबर लावून तिथं बसायचे. नंबर आला की मागच्याला म्हणायचे, "तुमी व्हा पुढं, मला घाई न्हाई." शेवटी डॉक्टरच बाहेर आले. म्हणाले, "शेठ, एकदा सांगून टाका, नक्की काय होतंय तुम्हाला?" हे म्हणाले, "मला काय धाड भरलीय? पण त्या कमळाच्या डाव्या पाकळीवर तुमचा कचऱ्याचा डबा हाय, तेवढा सरकवा." कंपाउंडरनं डबा सरकवला. शेठ घरी आले आणि त्या दिवशी खूश होते.

जेवणाचा त्यांचा नियम कडक, सूर्य मावळायच्या आत. उन्हं कलली की हातातलं काम जिथं असेल तिथं थांबायचं. एकदा खोडदचा एक पाहुणा ताट घेऊन बसला होता. त्याचं नाव घालून झालं, आडनावाचं पहिलं अक्षर झालं आणि यांनी बोर्डातून मशीनची पिन काढली.

"शेठ, आडनाव?"

"उद्या."

"अहो, मी खोडदवरनं आलोय की!"

"मग उद्या पुन्हा या. खोडद काय पळून चाललंय का?"

तो पाहुणा दुसऱ्या दिवशी तणतणत आला तर आडनाव पुरं झालेलं, आणि त्याच्यापुढं खोडदच्या दुर्बिणीच्या त्या मोठ्ठ्या अँटेनांपैकी एक. आभाळाकडं चोच वासून बसलेल्या पिल्लासारखी काढलेली. पाहुण्यानं ताट उलटंसुलटं केलं, हसू दाबलं आणि म्हणाला, "डब्यावर पण काढाल का?" त्यानंतर खोडदहून येणारे लोक नाव नाही घातलं तरी चालेल पण ते पाखरू पाहिजे म्हणायला लागले.

येडगावच्या मंडळींचं प्रकरण जरा तापलं होतं. सार्वजनिक कार्याला म्हणून त्यांनी भलंमोठं पातेलं घेतलं आणि नाव सांगितलं, "समस्त ग्रामस्थ, येडगाव." दुपारी न्यायला आले तर शेवटी एक कुत्रं. कान टवकारलेलं, शेपूट वर. चार शहाणी माणसं पांढऱ्या टोप्या सावरत अंगावर आली. "शेठ, देवाच्या कामाचं पातेलं! कुत्रं कशाला?" शेठनी चष्मा काढून पुसला आणि विचारलं, "गावात कुत्रं न्हाई का तुमच्या?" "हाय की." "मग? समस्त म्हणला ना तुमी." मी इकडं भिंतीला तोंड लावून हसत होते. भांडण बरंच चाललं. शेवटी त्यांच्यातलाच एक म्हातारा म्हणाला, "असू द्या रे, आपल्या शेवंताच्या दारातलंच दिसतंय." त्या पातेल्याला अजून तिकडं कुत्र्याचं पातेलंच म्हणतात. कुणी मागून नेलं तर परत करतंच, कारण लपवता येत नाही.

खेकडा मात्र डोंगरातल्या बायकांसाठी. आंबेगावच्या पश्चिमेकडनं, भाताच्या खाचरांच्या गावांतनं बायका यायच्या, हंडा-कळशी, स्वयंपाकाचा तोप घ्यायच्या. यांचं घर कांदा-लसूण न खाणारं, आणि हे त्यांच्या तोपावर नांगी उगारलेला खेकडा काढायचे. वर दम द्यायचे, "ह्याला शिजवायचं न्हाई बरं का." बायका पदर तोंडाला लावून हसायच्या. एकजण म्हणाली, "शेठ, ह्यो न्हाई शिजवणार, पर ह्याच्या भावकीचं काय सांगता येत न्हाई." शेठनी दोन्ही कानांवर हात ठेवले.

माझ्या डब्यावर त्यांनी पाय फुटलेली कात्री काढली होती, टाचा उंचावून कुठंतरी निघालेली. मी असली भडकले! लोक काय म्हणतील, हिची कात्री पळाली? तो डबा मी महिनाभर मागं ठेवून दिला. मग रोज वापरायला लागले.

जुनी भांडी मोडीत घालून नवी न्यायची, हे तर सगळीकडंच चालतं. शेठकडे मोडीत आलेलं सगळं पुढं वितळायला जायचं नाही. सिंहाचे पाय असलेला स्टोव्ह, गुलाबाची चित्रं असलेले पत्र्याचे डबे, निळ्या काठाचे पांढरे इनॅमलचे मग, चोच वाकडी असलेली किटली, असलं सगळं मागच्या खोलीत. त्यांचा मुलगा पुण्याला असतो, त्यानं एकदा एका हॉटेलवाल्याला आणलं. तरणा मुलगा, दाढी राखलेली, सारखं "रेट्रो, रेट्रो" म्हणत होता. शेठनी मला भिंतीतून हाक मारून विचारलं, "ताई, रेट्रो म्हंजी काय गं?" मी म्हटलं, "जुनं पण महाग." त्यांनी बरंच सामान दिलं त्याला. मग काही दिवसांनी न राहवून एसटी पकडून ते हॉटेल बघायला पुण्याला गेले. परत आले. विचारलं तर म्हणाले, "किटलीची चोच भिंतीकडं करून टांगलीय. आणि मला काचेच्या बरणीत कॉफी दिली, लोणच्याच्या." मी म्हटलं, मग सांगायचं होतं त्यांना. "सांगितलं ना. किटली फिरवून घेतली, मग निघालो."

मागच्या उन्हाळ्यात शेठ गेले. दुकान मुलानं भाड्यानं दिलंय, तिथं आता मोबाइलची कव्हरं मिळतात. भिंतीपलीकडं आवाज नाही. मला अजून कधी कधी वाटतं की लाइट गेलीय.

तर अश्विनी. नारायणगावला रक्त तपासायच्या लॅबमध्ये होती. लग्न ठरलं कळंबकडच्या घरात. मध्यस्थी आमच्या लांबच्या नणंदबाईंची, इथंच राहतात. मुलाकडच्यांनी सांगितलं, लग्नानंतर नोकरी नको, तर पोरीनं आधीच नोकरी सोडली. आमच्याकडं रुखवतात भांडी मांडायची ती नावं घालूनच. लग्न लागायच्या आधीच ‘सौ.’, मग पोरीचं नाव, मग नवऱ्याचं नाव, मग आडनाव. सगळेच करतात. ताटं, वाट्या, तांब्ये, डबे, हंडा, कळशी, मी हौसेनं सगळं शेठकडून घालून घेतलं आणि मुद्दाम बजावलं, "शेठ, नुसती नावं. लग्नाचं आहे, खेकडे-बिकडे नकोत." त्यांनी ऐकलं. एकाही भांड्यावर चित्र नाही.

आणि लग्न तोंडावर आलं असताना त्या मुलानंच पोरीला फोन केला, माझं दुसरीकडं आहे. त्याच्या घरचं एकही माणूस तोंड दाखवायला आलं नाही.

पुढचं काय सांगू. मांडव परत गेला, आचारी परत गेला, भांडी तेवढी राहिली. पोत्यांत भरून घरात कोपऱ्याला. अश्विनी त्या पोत्यांकडं पाठ करून बसायची. जेवायला वाढलं तर ताटातलं चिवडायची. तिचे वडील एसटीत ड्रायव्हर, ते ड्युटीवरून आले की दोघं एकमेकांशी न बोलता बसायचे. लॅबवाल्यांनी परत बोलावलं होतं, पण ती दाराबाहेर पाय टाकेना. म्हणायची, "स्टँडवर सगळे बघतात." ती भांडी विकता येईनात, दुसऱ्या पोरीच्या लग्नात देता येईनात. मोडलेल्या लग्नाची कोण घेणार? आणि वापरायची तर रोज जेवताना ते आडनाव समोर.

मी शेठकडे गेले आणि म्हटलं, घ्या मोडीत. ते म्हणाले, "न्हाई."

"न्हाई म्हणजे?"

"कोरी करकरीत हायेत, ताई. मोडीत न्हाई घेत मी. पोरीला पाठव, ठरवू काय करायचं."

"अहो, ती दारात येत नाही!"

"मग भांडी पण ऱ्हाऊ दे घरात."

माझा असा संताप झाला की बोलायची सोय नाही. पेठेतले लोक ऐकत होते त्याचंही भान राहिलं नाही. म्हटलं, "तुम्हाला तुमच्या चित्रांपलीकडं काही दिसतं का हो? माझी पोर वाळत चाललीय!" मी आठवडाभर भिंतीकडं बघितलंसुद्धा नाही.

कुणाच्या घरी न जाणारा माणूस हा. जात नाही म्हणजे, निघाला तरी वाटेतल्या खिडक्यांपाशी अडकतो आणि पोचत नाही. तो एका सकाळी आमच्या दारात. काखेत एक ताट, कुठून आणलं तर माझ्याच पोत्यातलं, मी मोडीचा नमुना म्हणून दुकानात नेलं होतं ते. मला बाजूला सारून सरळ पोरीसमोर जाऊन बसले.

"हे बघ," ताटावर बोट ठेवून म्हणाले, "तुझं नाव मधी. त्याच्या अलीकडं ही एवढीशी जागा, पलीकडं ही लांबलचक. ही अक्षरं चित्रात लपवायची तर एवढ्या लांबीचं गावात काय काय असतंय? माझं डोकं चालंना झालंय."

अश्विनी म्हणाली, "खरवडून टाका."

"खरवडलं तर खरवडलेलं दिसतं, बाळ. आयुष्यभर दिसत ऱ्हातं." मग ताट उचलून, "चल, बघून तर येऊ. ऊन व्हायच्या आत."

आणि ती उठली. का उठली ते मला आजही नीट सांगता यायचं नाही. त्या दिवसांत घरी येणारं प्रत्येक माणूस तिला, झालं ते कसं झालं, असंच विचारायचं. यांनी तिला कामाचं विचारलं. तिनं ओढणी डोक्यावरून नाकापर्यंत ओढली आणि निघाली. मी भाजीची पिशवी घेऊन मागून. मला काही भाजी नको होती.

शेठ पुढं, हातात ताट, प्रत्येक गोष्टीवर नेऊन धरायचे. डेपोच्या कुंपणाला वाळत घातलेले कपडे. "हे बसंल का? जरा आखूड होतंय." दोन घरांमधल्या तारेवर बसलेल्या चिमण्या. उभी एसटी. लोक बघत होते, आणि मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं होतं, पण खरं सांगायचं तर लोक तिच्याकडं बघतच नव्हते. ताट घेऊन फिरणाऱ्या म्हाताऱ्याकडं बघत होते.

फिरत फिरत हे थांबले कुठं, तर बरोबर आमच्या त्या नणंदबाईंच्या घरासमोर. त्यांच्या खिडकीला जुनी लोखंडी जाळी आहे, पिसारा फुलवलेल्या मोराची. शेठ एकटक बघतायत. आतून नणंदबाई आल्या आणि खिडकीत उभ्या राहिल्या. अश्विनीला पाहिलं, आणि चेहरा असा केला, कळवळ्याचा.

"काय गं अश्विनी, बाहेर पडायला लागलीस? आता पुढं कसं गं तुझं?"

पोरीनं मान खाली घातली.

"ताई," शेठ म्हणाले, "जरा बाजूला व्हता का? मोर झाकला तुमी."

नणंदबाईंना काही कळेना. त्या डावीकडं सरकल्या. "अजून जरा," शेठ हातानं दाखवत होते, "पिसारा येतोय, तोंड न्हाई येत... हां, तुमी आत गेलात तरी चालंल." आणि त्या खरंच आत गेल्या! खिडकीत नुसता मोर राहिला. मला कुणाच्यातरी हसण्याचा आवाज आला. बघते तर अश्विनी. तोंडावर ओढणी दाबून, खांदे हलतायत, डोळ्यांतून पाणी. किती दिवसांनी ऐकला मी तो आवाज. मी भर रस्त्यात रडले. उघड उघड रडले, लपवलं नाही.

त्या दिवसापासून ती शेठच्या दुकानात बसायला लागली. भिंतीतून मला ऐकू यायचं. "ह्या ‘सौ.’ला वर शिंगं आहेत," ती म्हणाली, आणि त्या ‘सौ.’चा बोकड झाला. मधलं तिचं नाव तसंच ठेवायचं, बाकीच्याचं काहीतरी करायचं. एका ताटावर वाळत घातलेले परकर. हंड्यावर चरायला निघालेल्या शेळ्या. बापासाठी म्हणून एका तांब्यावर एसटी, खिडक्यांतून डोकी बाहेर. अक्षरं आत कुठं गेली ते शोधूनही सापडायचं नाही. उन्हं कलली की मशीन बंद आणि "उरलेलं उद्या." पोरगी दुसऱ्या दिवशी पुन्हा जायची. मी त्यांना एका शब्दानं घाई केली नाही.

एकदा शेठचं मनगट दुखलं आणि त्यांनी मशीन तिच्या हातात दिलं. ती नको म्हणाली. "सुया टोचतीस ना लोकांस्नी? ह्याला तर रक्त पण येत न्हाई," ते म्हणाले. तिनं एक तांब्या घेतला. आवाज थांबत थांबत आला. आडनावावरच्या रेघेची तार झाली, आणि तिच्या वरच्या मात्रांना, खालच्या अक्षरांना चोची, शेपट्या. कुणी तारेवर बसलेली, कुणी नुकती सुटलेली. चिमण्या. शेठनी तांब्या दाराशी उजेडात नेला, बराच वेळ फिरवला आणि म्हणाले, "ही कडंची जाडी झालीय. ऱ्हाऊ दे. जाड्या पण असत्यात."

सगळी भांडी झाली तोवर अश्विनी लॅबमध्ये परत जायला लागली होती.

आणि मग एके दिवशी ते लोक आले. मुलाची आई, त्याचा मामा, बरोबर नणंदबाई. त्या मुलाचं ते दुसरीकडचं फिसकटलं होतं. "झालं गेलं विसरा, ताई. पोरगंच हाय, चुकलं." मुलाची आई म्हणाली. मामा म्हणाला, "लोकांची तोंडं पण बंद व्हतील. तुमच्याच पोरीचं भलं हाय." नणंदबाई मान हलवतायत. अश्विनीचे वडील जमिनीकडं बघत बसलेले. आमच्यासारख्यांच्या घरात मोडलेल्या लग्नाची पोरगी असली की असल्या बोलण्यापुढं जीभ जड होते. मग त्या बाईनं शेवटचं काढलं.

"आणि भांडी तर आमच्याच नावाची पडलीत ना तुमच्या घरात? ती काय दुसऱ्या दारी चालायची हायेत का आता? तुमच्या पोरीला तरी दुसरं दार कुठलं?"

अश्विनी दारात उभी होती. नुकतीच कामावरून आलेली, खांद्याला पर्स. तिनं हे ऐकलं ते मी बघितलं. ती आत गेली. मला वाटलं, झालं, आता पुन्हा तो कोपरा, पुन्हा ती पाठ.

ती तांब्या-फुलपात्र घेऊन बाहेर आली. वाकून त्या बाईसमोर ठेवलं. "पाणी घ्या."

बाईनं तांब्या उचलला. सवयीनं नाव वाचायला फिरवला. पुन्हा फिरवला. चष्मा खाली केला. "अश्विनी एवढंच दिसतंय," ती म्हणाली. "आमचं आडनाव कुठाय?"

"होतं," अश्विनी म्हणाली. "त्याच्या चिमण्या केल्या मी."

बाई त्या तांब्याकडं बघत राहिली.

"दुसरं भांडं आणू का?" पोरगी अगदी सरळ आवाजात म्हणाली. "पण कुठल्याच भांड्यावर नाही ते आता."

पाणी न पिताच उठले ते. दारातून बाहेर पडताना नणंदबाईंनी मागं वळून बघितलं. अश्विनीचे वडील उठले, ते पाणी फुलपात्रात ओतलं आणि उभ्या उभ्या स्वतः प्यायले.

मी चपलासुद्धा नीट न घालता शेठकडे धावले. उन्हं कलायला आली होती, ते मशीनची पिन काढत होते. मी धापा टाकत सगळं सांगितलं, रडत रडत आणि हसत हसत. म्हटलं, "शेठ, पोरगी सुटली हो माझी. तुमचे पाय धरते." त्यांनी पाय मागं घेतले, डोळे पुसले, चष्मा लावला आणि विचारलं, "पाणी कुठल्या तांब्यातनं दिलं?"

"चिमण्यांच्या."

"मग बरं झालं," ते म्हणाले. "मला वाटलं, एसटीचा दिला की काय. त्याचं मागलं चाक वाकडं झालंय माझ्याकडनं." आणि सूर्य मावळायच्या आत जेवायला घरी निघाले.